मदत हवी आहे: जास्त पैशांचं अडकलेलं गिऱ्हाईक की कमी पैशांचं तयार?

राहतं घर विकायला काढलंय. दोन गिऱ्हाइकं आहेत आणि त्यावरून घरात रोज वाद. इथे आधी झालेली चर्चा बरीचशी रंगरंगोटी आणि फोटोंचीच दिसली, म्हणून वेगळा धागा.

पहिले गृहस्थ आमच्या किमतीच्या अगदी जवळ आलेत. पण त्यांचे पैसे त्यांचं स्वतःचं घर विकलं की मोकळे होणार. वर म्हणतात, इसार देतो, किल्ली द्या, तोवर रंगकाम आणि फर्निचर उरकून घेतो. दुसरं जोडपं साधारण 6 टक्के खाली आहे. त्यांचं कर्ज बँकेनं तत्त्वतः मंजूर केलंय. मात्र बाथरूमच्या भिंतीतली ओल त्यांनी बरोबर हेरली. फरशीपासून वीतभर उंचीवर रंगाचे पापुद्रे सुटलेत, टिचकी मारली की प्लास्टर पोकळ वाजतं. त्याचे पैसे आणखी कापा म्हणतात.

एजंटचा आग्रह दुसऱ्यांसाठी. इथे मनात पाल चुकचुकते. किंमत 6 टक्के उतरली तर आमचा खड्डा मोठा, त्याच्या दलालीत चिमूटभर फरक. लेव्हिट आणि सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी 2008 मध्ये शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि 3.7 टक्के जास्त किंमत मिळवतात! आमचा एजंट तसाच असेल असं नाही, पण शंका येतेच ना?

आमचंही कर्ज बाकी आहे, मूळ कागदपत्रं बँकेत. कोणाला हो म्हणू? करारात काय लिहून घेऊ?

गच्चीवाला:
ताई, बाकी काहीही करा, किल्ली देऊ नका. घर तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या नावावर आणि आत बिऱ्हाड त्यांचं. उद्या व्यवहार फिसकटला तर अर्धवट तोडलेली भिंत तुमच्या गळ्यात, आणि माणूस उठायला तयार नसेल तर कोर्टाच्या पायऱ्या. माप घ्यायला हवं तर तुमच्यासमोर घेऊ देत. ताबा पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्यावरच.

त्यांना नाही म्हणायचीही गरज नाही. त्यांचं घर अमुक तारखेपर्यंत विकलं गेलं तरच व्यवहार, अशी अट घाला. तोवर तुम्ही दुसरी गिऱ्हाइकं बघणार, आणि दुसरं पक्कं आलं की त्यांनी ठरलेल्या दिवसांत ही अट सोडायची किंवा बाजूला व्हायचं. वकिलाकडूनच लिहून घ्या.

सहज_फिरकले:
6 टक्क्यांचा फरक कागदावरचा. थांबलात तर दर महिन्याचा हप्ता, देखभाल खर्च आणि घराचे कर चालूच राहतात, ते वजा करा. बँकेकडून कर्ज बंद करण्याची रक्कम लेखी मागा. ती ठरावीक तारखेपर्यंतच लागू असते. मुदतीआधी फेडल्याचा आकार आहे का तेही विचारा. खरेदीदाराची रक्कम आधी थेट कर्जखात्यात, बाकी तुम्हाला, हा क्रम करारात हवा.

दुसऱ्यांच्या तत्त्वतः मंजुरीवर विसंबू नका. बँक घराचं मूल्यांकन करते. ते ठरलेल्या किमतीपेक्षा कमी निघालं तर कर्जही कमी मिळतं. मधली रक्कम कुठून आणणार ते आत्ताच विचारा.

ओलीवर रंग फासून झाकू नका, ठाऊक असलेला दोष लपवला तर विक्रीनंतरही भांडण येऊ शकतं. पाणी नक्की कुठून झिरपतं ते प्लंबरकडून बघून घ्या आणि लेखी अंदाजपत्रक जोडप्यापुढे ठेवा. तेवढेच कापा, अंदाजपंचे नको. करसल्लागाराला सही करायच्या आधी भेटा. करसवलतीची मुदत पुष्कळदा विक्रीच्या तारखेपासून मोजतात.

धागाकर्ती:
किल्लीचा विषय संपला, घरच्यांनाही पटलं. पहिल्यांना फोन केला तर त्यांचं घर नुसतं बाजारात आहे, करार कोणाशीच नाही. म्हणजे मुदत किती धरायची हाच प्रश्न. दुसऱ्यांसाठी प्लंबरला बोलावलंय. एक राहिलं, एजंट म्हणतोय इसार त्याच्या खात्यात ठेवा. चालेल का?

गच्चीवाला:
त्याच्या स्वतःच्या खात्यात मुळीच नको. वकिलाचं किंवा एस्क्रो खातं (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राखून ठेवणारं) असेल तर ठीक. कोणी मागे फिरलं तर इसारातले किती कोणाला परत, आणि बँकेनं कर्ज नाकारलं तर काय, हे पावतीवर आधी लिहून घ्या. मुदतीचं म्हणाल तर ते ठरवायला पहिल्यांना त्यांच्या घराची किंमत विचारा. आसपासच्या विक्रीच्या मानाने चढी असेल तर मी त्यांच्यासाठी थांबणार नाही.