तीन ठिकाणचं इंटरकॉम इंटरनेटवरून: एका बाजूचा आवाज येत नाही

भोसरी_फिक्स्चर

नमस्कार मंडळी. आमचं जिग-फिक्स्चरचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत, डिझाइनची माणसं कोथरूडला आणि गोडाऊन रांजणगावला. मिळून चाळीसेक आयपी फोन. भोसरीत एका जुन्या डेस्कटॉपवर फ्रीपीबीएक्स (फोन एकमेकांना जोडून देणारं एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) टाकलंय. वर्कशॉपच्या आत सगळं झकास चालतं. कोथरूडहून मात्र फोन लागतो, घंटी वाजते, त्यांना आमचं ऐकू येतं आणि आम्हाला त्यांचं काहीच नाही. रांजणगावचंही तेच. कधी नशिबानं दोन्हीकडून आवाज आलाच, तर दुपारी ड्रॉइंग वर चढवायची वेळ झाली की तुटायला लागतो. सकाळी साडेनऊची सुपरवायझर मीटिंगही यावरच, व्हिडिओसकट, घ्यायची आहे. व्हेंडर म्हणतो २०० एमबीपीएसची लीज लाईन, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखीव इंटरनेट लाईन, घ्या. कोट बघून मालकांनी चष्मा पुसला.

त्यांचा अजून एक प्रश्न: चेन्नईत आमचा एक माणूस बसतो, तिथे लँडलाईन आहे. पुण्यातून नेटवरून तिथपर्यंत जाऊन पुढे त्या लाईनवरून गिऱ्हाइकांना फोन करता येईल का?

कर्वे_रोडवरून

चाळीस माणसांसाठी एवढा खटाटोप? व्हॉट्सॲपवर ग्रुप कॉल करा की.

भोसरी_फिक्स्चर

मशीनवरच्या माणसाला मोबाईल आत न्यायची परवानगी नाही. खांबावरचा फोन उचलून तीन आकडे दाबायचे, एवढंच हवंय.

टॅगब्लॉक

बरोबर आहे तुमचं. मी सी-डॉटच्या १२८ लाईनच्या बोर्डांपासून ईपीएबीएक्सची (ऑफिसच्या आतल्या टेलिफोन एक्स्चेंजची) कामं केलीत, याच भोसरीत आणि चाकणला. खांबावरच्या फोनला अजून पर्याय सापडलेला नाही.

लीज लाईनचं आधी मिटवू. जी.७११ या आवाजाच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये एक कॉल ६४ केबीपीएसचा. दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ४० बाइटचे मथळे. झाले ८० केबीपीएस. व्हीपीएनचं (इंटरनेटमधून काढलेल्या खाजगी बोगद्याचं) ओझं धरलं तरी सव्वाशेच्या आत. एका वेळी दहा कॉल चालू असले तरी जाताना सव्वा एमबीपीएस, येताना तेवढेच. यासाठी २०० ची लाईन कोण विकतंय, ते नाव इथे लिहू नका, पण मनात ठेवा.

आता मुका आवाज. सिपमध्ये, म्हणजे आयपी फोन ज्या पद्धतीनं कॉल लावतात तिच्यात, कॉल जुळवणं वेगळं आणि आवाज वाहून नेणं वेगळं. जुळवताना तुमचं सर्व्हर कोथरूडच्या फोनला लिहून कळवतं, की आवाज अमुक पत्त्यावर पाठव. तो पत्ता आतला असतो, १९२.१६८.१.१० वगैरे. पैजेवर सांगतो, तुमच्या तिन्ही ठिकाणी राउटर १९२.१६८.१.१ वरच आहे, कारण डब्यातून काढला तसाच लावलाय. मग कोथरूडचा फोन तो आवाज इमानेइतबारे कोथरूडच्याच एखाद्या प्रिंटरला पाठवत बसतो.

फ्रीपीबीएक्सच्या सिप सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क भरलं, राउटरमधलं 'सिप एएलजी' (सिपच्या निरोपातले पत्ते मधेच बदलणारी सोय) बंद केलं, की हे बहुतेक वेळा सुटतं. तरी मी ते करणार नाही. त्यासाठी ५०६० पोर्ट आणि आवाजासाठी १०,००० ते २०,००० अशी खिंडारं इंटरनेटकडे उघडी ठेवावी लागतात. त्यापेक्षा तिन्ही ठिकाणी वायरगार्ड हे व्हीपीएन चालवणारे राउटर बसवा आणि आवाज बोगद्यातून न्या. त्यासाठी तिन्हींचे पत्ते वेगळे हवेत: भोसरी १०.१०.१, कोथरूड १०.१०.२, रांजणगाव १०.१०.३. हे केल्याशिवाय बोगदा खणून उपयोग नाही, पॅकेटला डावीकडे जायचं की उजवीकडे तेच कळणार नाही.

दुपारचं तुटणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कोथरूडचं अपलोड किती? समजा २० एमबीपीएस. ड्रॉइंग चढायला लागलं की राउटर पॅकेटं टाकून न देता पोटात साठवतो. दोन मेगाबाइट साठले की ते उपसायला ०.८ सेकंद. तुमचं 'हॅलो' त्या रांगेच्या शेपटाला. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा म्हटलंय, इथे त्याच्या पाचपट झाला. फोनच्या पॅकेटवर 'ईएफ', म्हणजे डीएससीपी ४६, असा 'मला आधी सोडा' सांगणारा शिक्का मारतात खरा, पण ब्रॉडबँडवाला तो वाचेल या भरवशावर राहू नका. रांग तुमच्याच राउटरमध्ये आणावी लागते: अपलोडची मर्यादा मुद्दाम १७-१८ वर बांधा, त्यावर केक किंवा एफक्यू-कोडेल (राउटरमधली रांग आखूड ठेवणाऱ्या पद्धती) लावा आणि आवाजाला पुढे काढा. लाईन मोठी घेतली तरी रांग तशीच राहिली, तर मोठ्या फाइलच्या वेळी पुन्हा तेच.

मीटिंगबद्दल. फक्त आवाज असेल तर ॲस्टेरिस्कचं (फ्रीपीबीएक्सच्या पोटातलं इंजिन) कॉन्फब्रिज भरपूर झालं. ते सगळ्यांचा आवाज कालवून प्रत्येकाला एकच प्रवाह देतं. व्हिडिओसाठी जित्सी हे मीटिंगचं सॉफ्टवेअर घरच्या सर्व्हरवर बसवता येतं, पण त्याचा ब्रिज चित्रं कालवत नाही, नुसती वाटतो. सहा जण सहा ठिकाणांहून असले तर आत सहा प्रवाह, बाहेर तीस. ते तीस सर्व्हर जिथे आहे तिथल्या अपलोडवर पडतात. सुपरवायझर एकमेकांचे चेहरे रोजच बघतात. जॉब दाखवायचा असेल तेव्हा एकच कॅमेरा लावा.

हिंजवडी_नाईटशिफ्ट

चेन्नईच्या प्रश्नावर: करू नका. कंपनीच्या आत एक्स्टेन्शन ते एक्स्टेन्शन बोलायला हरकत नाही, पण आतल्या लिंकवरून दुसऱ्या शहरात जाऊन तिथल्या सार्वजनिक लाईनवर उतरणं म्हणजे टोल बायपास, फोन कंपनीचं लांबच्या कॉलचं भाडं चुकवणं. २०२१ मध्ये कॉल सेंटरांसाठी दूरसंचार विभागानं बरीच मोकळीक दिली, ईपीएबीएक्स एका जागी ठेवायचीसुद्धा, पण टोल बायपासची मनाई कायम ठेवली. सिस्कोच्या कॉल मॅनेजर या एक्स्चेंजमध्ये असे कॉल अडवणारी 'लॉजिकल पार्टिशनिंग' म्हणून सोय आहे, ती आपल्याकडच्या याच नियमासाठी वापरतात. चेन्नईचा नंबर हवाच असेल तर परवानाधारक कंपनीकडे सिप ट्रंकची (नेटवरून मिळणाऱ्या फोन लाईनची) चौकशी करा.

आणि ५०६० आत्ता उघडा असेल तर आजच लॉग बघा. परदेशातून पासवर्ड ठोकून बघणाऱ्यांची रीघ दिसेल.

भोसरी_फिक्स्चर

बघितलं. रीघच आहे. पोर्ट बंद केला. पैजही तुम्ही जिंकलात, तिन्हीकडे १९२.१६८.१.१. कोथरूड आणि रांजणगावच्या राउटरवर बाहेरचा पत्ता १०० नं सुरू होतोय, हे चालेल का?

टॅगब्लॉक

१००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो सार्वजनिक पत्ता नाही. बऱ्याच गिऱ्हाइकांत एक पत्ता वाटून दिलाय. बाहेरून तिथे पोचता येत नाही, पण तिथून बाहेर येता येतं. त्यामुळे एकट्या भोसरीला स्टॅटिक आयपी असला की पुरे. बाकी दोघांनी भोसरीकडे बोगदा उघडायचा आणि 'कीपअलाइव्ह' (बोगदा उघडा राहावा म्हणून पाठवायचं छोटं पॅकेट) २५ सेकंदांवर ठेवायचा.

फोनना वीज देणारे पीओई स्विच यूपीएसवर घ्या, गुरुवारी वीज गेली की कळेल का ते. पत्ते बदलायचं काम सुट्टीच्या दिवशी काढा. हजेरीचं मशीन, प्रिंटर आणि सीएनसीला प्रोग्रॅम पाठवणारा पीसी यांचे पत्ते कुणीतरी हातानं टाकलेले असतात, ते आधी कागदावर उतरवून घ्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन चालतील आणि पंचिंग बंद.