पबमधला कुत्रा टेबलाखालीच बरा

डोंगरवाट
काल इथं एका सदस्यानं लिहिलं की इंग्लंडातल्या कंट्री पबच्या दारावर ‘डॉग फ्रेंडली’ असं असलं की कुत्र्याला कुठल्याही टेबलाशी बसवायचा आपला हक्क आहे, आणि जेवणाच्या खोलीत येऊ न देणारा मालक ग्राहकाचा अपमान करतो. उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

हक्क कसला? जिथं अन्न तयार होतं किंवा साठवतात तिथं पाळीव प्राणी नकोत, एवढंच अन्नस्वच्छतेचा नियम सांगतो. बार, जेवणाची खोली, बाग हे सगळं मालकाच्या मर्जीवर. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टचं संरक्षण अंधांच्या गाइड डॉगसारख्या असिस्टन्स डॉगना आहे, तुमच्या लाडक्या लॅब्रॅडॉरला नाही. बारमध्ये दगडी फरशी असते आणि आत गालिचा, म्हणून कुत्रा बारमध्ये. लेक डिस्ट्रिक्टमधल्या लँगडेलच्या ओल्ड डंजन घिल हॉटेलचा हायकर्स बार तर मुळात गुरांचा गोठा. तिथं चिखलाचे बूटही चालतात.

कुत्रा पबात त्रास देतो तो बहुतेक वेळा दमलेला नसतो म्हणून. आधी तासभर तरी चालवा, आत शिरण्यापूर्वी शी-शू उरकून घ्या, पोट आणि पंजे टॉवेलनं पुसा. कोपऱ्यातलं टेबल धरा. दार, बारकडची वाट आणि किचनचं दार या तिन्हींपासून लांब. त्याच्या घरच्या वासाची चटई खाली टाका. लीड (पट्टा) टेबलाच्या पायाला बांधू नका. बाहेरची टेबलं हलकी, मांजर दिसलं की टेबल, ग्लास आणि कुत्रा एकदमच निघतात. लीडचं टोक स्वतःच्या मांडीखाली दाबून बसा. पाण्याचं भांडं आपलं न्या; सगळ्यांच्या भांड्यातून केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, पसरतो.

टॉमीची आई
प्रवचन छान. पण मालकांचं काय? वेबसाइटवर कुत्र्याचा फोटो, काउंटरवर बिस्किटांची बरणी, आणि प्रत्यक्षात टॉयलेटच्या दारातलं एकच टेबल. नाहीतर नोव्हेंबरात ‘बागेत बसा’! संडे रोस्टचे (रविवारचं खास जेवण) पैसे मात्र पूर्ण. कुत्र्यासह किती टेबलं मिळतात ते लिहायला काय जातं?

डोंगरवाट
ते लिहायला हवं, मान्य. पण बुकिंग ऑनलाइन करून ‘नोट्स’मध्ये कुत्रा लिहिणाऱ्यांचंच असं होतं. ती नोट बरेचदा कुणी वाचतच नाही. फोन करा, कुत्र्याची जात विचारू द्या, ‘बारमध्ये की आत’ ते ठरवून घ्या. आणि रविवारी दुपारी एकला जाऊच नका.

पक्का शिंकरा
कुत्रा न पाळणाऱ्यांनी जायचं कुठं? भारतातून आलेले आई-बाबा रेबीजच्या भीतीत वाढलेले असतात. शेजारच्या टेबलाखालून जर्मन शेफर्डचं तोंड बाहेर आलं की त्यांचं जेवण संपलं. वर मालकाचं ठरलेलं वाक्य: ‘काही करत नाही हो तो!’

लीडवाला
शिंकरा, इथल्या कुत्र्यांत रेबीज नाही हे आई-बाबांना सांगून ठेवा. बाकी तुमचं बरोबर. १९९१ च्या डेंजरस डॉग्ज ॲक्टनुसार कुत्रा चावायलाच हवा असं नाही. तो इजा करेल अशी रास्त भीती वाटली तरी गुन्हा होऊ शकतो. २०१४ पासून हे खासगी जागेतही लागू आहे.

आणि या सगळ्याचं मूळ म्हणजे फ्लेक्सी लीड, ते आपोआप लांब-आखूड होणारं! बटण दाबायला विसरलं की पाच मीटर दोरी खुर्च्यांच्या पायांतून फिरते आणि तीन प्लेटा घेऊन येणारी मुलगी आडवी. बारीक दोरी बोटावर घासली तर कातडी सोलते. पबात दीड मीटरची साधी पट्टीच हवी.

टॉमीची आई
आता फ्लेक्सीवर घसरलात! उघड्या मूरवर, म्हणजे माळरानावर, कुत्र्यानं वासबीस घ्यायचा की नाही?

लीडवाला
घ्यायचा, ऑगस्टपासून. क्रॉ ॲक्टखालच्या ॲक्सेस लँडवर (म्हणजे ज्या मोकळ्या रानात कुणालाही चालायचा हक्क आहे तिथं) १ मार्च ते ३१ जुलै लीड सक्तीचं आहे, आणि कायद्यात ‘शॉर्ट लीड’ म्हणजे ठरावीक लांबीचं, जास्तीत जास्त दोन मीटर. फ्लेक्सी लॉक केलं तरी ठरावीक लांबीचं होत नाही. गुरं-मेंढ्या जवळ असतील तर बाराही महिने लीड.

डोंगरवाट
अर्धवट सांगू नका. हे ॲक्सेस लँडपुरतं. शेतातून जाणाऱ्या पब्लिक फुटपाथवर कुत्रा ताब्यात असला की पुरतं.

लीडवाला
मेंढ्यांच्या शेतात ‘ताब्यात’ हे कोण ठरवणार, तुम्ही की शेतकरी? कळपाचं रक्षण करायला दुसरा मार्ग नसेल तर त्यानं कुत्र्याला गोळी घातली तरी १९७१ च्या ॲनिमल्स ॲक्टमध्ये त्याला बचाव आहे. टॅन हिल इन, ५२८ मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंच पब. दारातून बाहेर पडलात की मेंढ्या. तिथं दाखवा तुमचा ताबा.

बॉर्डर कॉली
लीड लीड करताय, पण गाई अंगावर धावून आल्या तर लीड सोडायचं. विशेषतः वासरंवाल्या. त्यांना कुत्रा नको असतो. तो पळून निसटतो, तुम्ही नाही. हे न सांगता कायदे कसले शिकवता?

लीडवाला
सोडायचं, हो. म्हणूनच लीड कमरेला बांधणाऱ्यांनी आधी ते हातात घ्यावं. झालं समाधान?

पक्का शिंकरा
माझा प्रश्न पबाचा होता, गाईंनी कधी खाल्ला?

बॉर्डर कॉली
खाण्यावरून: टेबलावरून भरवू नका, दुसऱ्यांनाही भरवू देऊ नका. ग्रेव्हीत कांदा असतो, तो विषारी. ख्रिसमस पुडिंगमधले मनुके त्याहून वाईट. थोडे खाल्ले तरी थेट व्हेटला फोन. पोर्क स्क्रॅचिंग्जमध्ये (डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे) चरबी आणि मीठ, त्यातून स्वादुपिंडाला सूज. शिजलेलं हाड फुटून आतड्यात टोचतं. आणि ‘आत घेत नाहीत’ म्हणून गाडीत ठेवू नका: बाहेर २२ अंश असले तरी गाडीत तासाभरात ४७ होऊ शकतात.

टॉमीची आई
बरं. फ्लेक्सी पबाबाहेर. फोन करून बुकिंग, तेही मान्य, कारण दुसरा इलाज दिसत नाही. पण फोनवर ‘आत’ सांगून पुन्हा टॉयलेटच्या दारात बसवलं तर रिव्ह्यूत एकच तारा. त्यावर तुमचा कोणता ॲक्ट आहे का?

लीडवाला
नाही. टाका.

नवा भिडू
अवांतर: ग्रेहाउंड आहे, दगडी फरशीवर बसतच नाही. उपाय?

बॉर्डर कॉली
अंगावर चरबी नाही, कोपरं टोचतात. पातळ चटई नको, दुहेरी घडीची गोधडी न्या. शेकोटीपासून दीड-दोन मीटर लांब पसरा, ठिणगी उडते. पाठ भिंतीकडे आली की बसेल.