भातखाचरात मासे: यंदा काय सोडू?

गोराईला आमचं पंधरा गुंठे भात. खाचराच्या खालच्या अंगाला कमरेएवढा चर खणून गेल्या पावसात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. आठवड्यात निम्मी पोटं वर करून तरंगली. बाबा म्हणतात, खाडीकाठी गोडे मासे कशाला?

— बाबांचं खरंय. जिताडा सोडा, खाऱ्यात-गोड्यात दोन्हीकडे जगतो. आमच्या अलिबागकडे तळ्यात पाळतात. पिल्लं मात्र एका मापाची घ्या, थोरलं धाकट्याला गिळतं.

— थांबा. भर पावसात पाणी खारट कुठून? चाखून पाहिलंत? आसपास फवारणी झाली होती का?

— झाली होती, शेजारच्या काकांच्या खाचरात, भातावरच्या तुडतुडे किडीवर. आमचा बांध तिथेच खेकड्यांनी पोखरलाय.

— मग दादा, आधी खेकडे पकडा. कालवण तरी होईल!