डब्ल्यूडीएम-२ ची सुटी बॉडी अमेरिकन चॅसीवर बसवली, पण वळणावर बोगी रुळावरून उतरते

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी,

लहानपणी चाळीसगावहून धुळ्याला आजोळी जाताना पॅसेंजरला अल्को या अमेरिकन कंपनीच्या आराखड्याचे डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन लागत असे. ते इंजिन मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, स्वतःच्या हाताने उभे करावे अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे. त्यासाठी डब्ल्यूडीएम-२ ची थ्रीडी प्रिंट केलेली रेझिनची बॉडी मागवली आणि ती आरएसडी-५ या अमेरिकन इंजिनाच्या मॉडेलच्या जुन्या चॅसीवर, म्हणजे मोटर आणि चाके असलेल्या खालच्या सांगाड्यावर, बसवली. दोन्ही इंजिने अल्कोच्याच घराण्यातली आहेत, दोघांच्याही बोगींना (इंजिनाखाली वळणाऱ्या चाकांच्या चौकटींना) तीन-तीन धुऱ्या असून त्यांच्यातील अंतरे असमान आहेत, शिवाय डब्ल्यूडीएम-२ ची १७.१२ मीटर लांबी एचओमध्ये सुमारे १९७ मिलिमीटर भरते, त्यामुळे चॅसी कापण्याची वेळ आली नाही.

सरळ रुळावर इंजिन सुरेख चालते. मात्र १८ इंच त्रिज्येच्या वळणावर पुढच्या बोगीचे चाक बाहेरच्या रुळावर चढते आणि गाडी घसरते. बॉडी काढून नुसती चॅसी फिरवली, तर तेच वळण ती विनातक्रार घेते. दोन गोष्टी सांगायला हव्यात. आपल्या ब्रॉडगेजचा रुंदपणा दिसावा म्हणून मी बोगीच्या बाजूच्या फ्रेमच्या मागे एक मिलिमीटर जाडीची स्टायरीन प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून फ्रेम बाहेर घेतली आहे. दुसरे म्हणजे बॉडी मधोमध किंचित वर उचलली गेली आहे आणि तिथे पोस्टकार्ड सहज आत जाते. बॉडी कानसावी की चॅसीवर पॅकिंग देऊन ती उंच करावी? एकदा कापले की परत जोडता येणार नाही, म्हणून हात लावण्याआधी विचारत आहे.

नाना, भुसावळ

गिरणाकाठ, पॅकिंग देऊन बॉडी उंच करू नका. रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर म्हणून उमेदीची वर्षे घालवल्यावर एक सवय अंगी मुरली आहे, ती म्हणजे दोन भाग नेमके कुठे घासतात हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कानस हातात घ्यायची नाही. आम्ही त्यासाठी निळा रंग लावत असू. तुम्ही देवघरातले कुंकू खोबरेल तेलाच्या एका थेंबात कालवा, काडीने बोगीच्या चारही कोपऱ्यांना पातळ लावा, बॉडी बसवा आणि इंजिन हाताने हळूहळू वळणावरून न्या. बॉडी उचलल्यावर आतल्या बाजूला जिथे लाल ठिपका उमटला असेल, तेवढीच जागा दोषी आहे. माझा अंदाज असा, की हा ठिपका टोकाच्या पायऱ्यांच्या पाठीमागे सापडेल.

त्याचे कारण हिशेबातच आहे. आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे धरतात आणि एचओमध्ये ते दोन मीटर होते. तुमचे १८ इंचांचे वळण प्रत्यक्षात जेमतेम ४० मीटरचे ठरते. असे वळण खऱ्या इंजिनाने कधी घेतलेच नसते. तुमच्या दोन्ही बोगी ज्या खिळीवर फिरतात त्या पिव्होटमधले अंतर १०५ मिलिमीटरच्या आसपास असावे. या वळणावर बोगी बॉडीच्या तुलनेत साधारण साडेसहा अंश फिरते, म्हणजे पिव्होटपासून ३० मिलिमीटर पुढे असलेला तिचा कोपरा जवळजवळ साडेतीन मिलिमीटर बाजूला सरकतो. त्यात तुम्ही फ्रेम आणखी एक मिलिमीटर बाहेर घेतली. पायरी बोगीला अडवते, बोगीला वळता येत नाही आणि मग चाकाला रुळावर चढण्याखेरीज मार्ग उरत नाही.

तुमची ब्रॉडगेजची ओढ मला मनापासून पटते. १६७६ मिलिमीटरचा गेज १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर होतो आणि आपण सगळे १६.५ च्या रुळावर चालवतो, त्यामुळे चाके दोन्ही बाजूंनी सव्वा मिलिमीटरहून जास्त आत दिसतात. पट्टी ठेवायची असेल, तर फ्रेमच्या मधल्या भागात ठेवा, टोकाकडे तिला उतार द्या आणि पायरीचा आतला, बाहेरून न दिसणारा भाग पॉलिश पेपरने पातळ करा. बाहेरची कड जशीच्या तशी राहू द्या, कारण पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते.

पांझरा, धुळे

नानांनी वळणाचे सांगितले, मी उचललेल्या मध्यभागाबद्दल लिहितो, कारण हाच अनुभव मला मे महिन्यात आला. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ठेवलेली माझी पीएलएची (थ्रीडी प्रिंटच्या एका प्लॅस्टिकची) बॉडी आठवड्याभरात वाकली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि आपल्याकडे बाहेरच पारा ४४-४५ वर गेलेला असताना पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. तुमची बॉडी रेझिनची आहे, म्हणून ती सरळ करता येण्याची आशा चांगली आहे. आधी प्रिंटच्या आधाराचा एखादा टाकाऊ तुकडा गरम पाण्यात टाकून तो मऊ होतो का ते पाहा. झाला, तर बॉडी तशाच पाण्यात, उकळत्या नव्हे, काही मिनिटे ठेवा आणि सपाट काचेवर हलक्या वजनाखाली पूर्ण गार होऊ द्या.

वाकलेली बॉडी स्क्रू आवळून खाली ओढू नका. रेझिनमधले आटे आधी सुटतात आणि नंतर भोकापाशी तडा जातो. मी टोकांपाशी स्टायरीनचे चार ठोकळे चिकटवले, त्यांत लहान स्क्रू घेतले आणि चॅसीच्या पट्टीतले भोक लांबट केले, म्हणजे उन्हाळ्यात बॉडी थोडी प्रसरण पावली तरी तिला सरकायला जागा मिळते.

कपलरची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याची, उंची मात्र बॉडी पक्की करण्याआधी तपासा. भारतीय गाड्यांच्या बफरची कमाल उंची ११०५ मिलिमीटर असते, ती एचओमध्ये १२.७ होते, पण बाजारात मिळणारा केडी कंपनीचा कपलर रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिलिमीटरवर बसतो. हुबेहूबपणाच्या मोहात कपलर वर घेतला, तर डबे जोडलेच जाणार नाहीत. मी बफर योग्य उंचीवर ठेवले आणि कपलरची पेटी बफर लावलेल्या आडव्या बीमच्या खाली बसवली.

गिरणाकाठ, जळगाव

नाना, पांझरादादा, आपले मनःपूर्वक आभार. कुंकवाचा ठिपका अगदी पायरीच्या पाठीमागेच उमटला, डाव्या बाजूला ठळक आणि उजव्या बाजूला पुसट. तिथले रेझिन पाऊण मिलिमीटरने पातळ केले आणि पट्टीला टोकाकडे उतार दिला. बॉडी गरम पाण्यातून काढून देवळीतल्या काचेवर रात्रभर ठेवली होती. आता पोस्टकार्ड आत जात नाही. काल संध्याकाळी इंजिनाने सलग वीस फेऱ्या मारल्या. उलट दिशेने जाताना मात्र एकदा मागची बोगी उचलल्यासारखी वाटली.

नाना, भुसावळ

मोटरकडून बोगीकडे जाणाऱ्या तारा पाहा. जुन्या चॅसीतल्या तारांचे वेष्टण कडक होते आणि बॉडी बसली की त्या दाबल्या जाऊन बोगीला एका बाजूला ढकलतात. मऊ, बारीक पदराची तार घ्या आणि पिव्होटजवळ तिला एक सैल वळसा द्या.