मॉरिस मायनर: रेस वाढवली की चार्जिंगचा लाल दिवा परत पेटतो

प्रश्न
१९५८ ची मायनर १०००. लुकास डायनॅमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), त्याला आवरणारा आरबी १०६ कंट्रोल बॉक्स, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला). आयडलला लाल दिवा पेटलेला असतो, थोडी रेस दिली की विझतो, आणखी दिली की परत पेटून उजळत जातो. बॅटरीवर १२.३ व्होल्ट, ते हलत नाहीत. बेल्ट आणि डायनॅमोचे कार्बन (ब्रश) नवे आहेत. अल्टरनेटर बसवा असं सगळे सांगतात, पण गाडी मूळ रूपातच ठेवायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर १
डायनॅमो उतरवू नका, तो चांगला आहे. लाल दिव्याच्या एका टोकाला बॅटरी असते, दुसऱ्या टोकाला डायनॅमोचा डी (त्याचं आउटपुट टर्मिनल). दोन्हीकडे सारखे व्होल्ट झाले की दिवा विझतो. तुमचा परत पेटतो, म्हणजे डी चे व्होल्ट बॅटरीच्या वर गेलेत आणि कटआउट (बॉक्समधला, डायनॅमो बॅटरीला जोडणारा स्विच) चिकटत नाहीये. रेसबरोबर उजळतो, म्हणजे रेग्युलेटरही (बॉक्समधलाच, व्होल्ट मर्यादेत ठेवणारा) डायनॅमोला आवरत नाहीये. दोघं एकदम क्वचितच बिघडतात. दोघांच्या कॉइलची अर्थ जोडणी (बॉडीशी) मात्र एकच, बॉक्सवरचा ई टर्मिनल; संशय त्याच्यावरच.

इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन ई च्या स्क्रूवर, दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर धरा. शून्याच्या आसपास दिसायला हवं. अशा अवस्थेत जास्त रेस देऊ नका, डायनॅमोची फील्ड कॉइल जळेल.

प्रश्नकर्ता
आयडललाच ९ व्होल्ट, रेस दिली की वाढतात! ई पासून बॉडीला जाणाऱ्या काळ्या वायरचं टोक रंगावरच कसलेलं होतं, खाली हिरवा गंज. पत्रा खरवडून कसलं. दिवा विझला, बॅटरीवर १४.१.

उत्तर २
छान. आता सेटिंग बघून घ्या, कारण इतके दिवस पॉइंटनी (बॉक्समधले उघडझाप करणारे संपर्क) मार खाल्ला असू शकतो. बॉक्सवरच्या ए आणि ए१ टर्मिनलच्या वायरी काढून एकमेकींना जोडा (उघडं टोक बॉडीला लागू देऊ नका), मीटर डी आणि ई वर. रेस हळूहळू वाढवा. काटा चढून स्थिरावेल तिथे, हवा २०° असेल तर १६ ते १६.६, ३०° ला १५.९ ते १६.५ व्होल्ट हवेत. आकडा मोठा वाटेल, पण ही लोड नसतानाची मोजणी आहे. ३० सेकंदांत उरका. कॉइल तापली की रीडिंग फसवं येतं.

काटा थरथरत असेल तर सेटिंगच्या स्क्रूला हात लावण्याआधी पॉइंट साफ करा. रेग्युलेटरचे बारीक कार्बोरंडम दगडाने, कटआउटचे फक्त बारीक काचपेपरने. कटआउटचे चांदीचे असतात, त्यांना एमरी (धातू घासायचा खरखरीत पेपर) कधीच लावायचा नाही.