टोटेम डिस्ट्रॉयर: योग्य ठोकळा फोडूनही मूर्ती का पडते?

टोटेम डिस्ट्रॉयर या संगणकावरच्या खेळात क्लिक करून ठोकळे फोडायचे असतात, पण त्यांच्या राशीवरची सोन्याची मूर्ती खाली पडू द्यायची नसते. बरोबर ठोकळा फोडला तरी ही मूर्ती कलंडते, असा प्रश्न एका खेळाडूने विचारलाय. बहुतेक वेळा ठोकळा बरोबरच असतो, घाई नडते. एक ठोकळा गेला की वरची रास खाली आपटते आणि थोडी डुलते. ती पूर्ण थांबू द्या, मगच पुढची क्लिक. डुलत्या राशीचा आधार काढला तर तो उरलेला वेगच मूर्तीला बाजूला ढकलतो.

दोन खांबांवर आडवी पट्टी असेल तर मात्र नेमकं उलट करायचं. एक खांब फोडून थांबलात की पट्टी तिरकी होते आणि मूर्ती घसरते. दोन्ही खांब लागोपाठ, झटकन फोडा, पट्टी जवळपास सपाट उतरते.

फोडण्याआधी मूर्तीच्या मध्यातून सरळ खाली रेघ कल्पा. ती उरणाऱ्या आधाराच्या आत पडली पाहिजे, अगदी कडेवर नको.

जड ठोकळे हलक्यावर रचले की रास थरथरते, हा तुमचा दोष नाही. या जातीच्या कितीतरी खेळांमागे एरिन कॅटो यांचं बॉक्स२डी इंजिन (वस्तूंचं पडणं-आदळणं मोजणारा प्रोग्राम) असतं आणि वजनाचं प्रमाण १०:१ च्या पुढे गेलं की त्यातली रास अस्थिर होते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच दिलंय.

२०२० अखेर फ्लॅश (ब्राउझरमध्ये असे खेळ चालवणारं तंत्र) बंद झाल्याने जुनी आवृत्ती आता रफल एम्युलेटरवर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवून पाहावी लागते. खेळ अडखळत असेल तर आधी बाकीचे टॅब बंद करा. क्लिक उशिरा लागली तर लागोपाठ फोडण्याची युक्ती हमखास फसते.