‘शास्ते’ की ‘न्यायाधीश’?

अनुस्वार:
हिब्रू बायबलातल्या ‘शोफ्तीम’ ग्रंथावर परिचयलेख लिहिते आहे. मराठी बायबलात त्याचं नाव ‘शास्ते’. संपादक म्हणतात, कुणाला कळणार नाही, ‘न्यायाधीश’ करा. पण डावखुरा एहूद हातभर लांबीचं दुधारी शस्त्र उजव्या मांडीला, कपड्यांच्या आत बांधतो आणि मवाबाच्या एग्लोन राजाच्या पोटात खुपसतो. याला न्यायाधीश कसं म्हणायचं? क्रियापद तर आणखी अडतं. पहिला शास्ता अथनिएल, त्याने ‘इस्राएलाचा न्याय केला’ असं लिहिलं, तर इस्राएलच आरोपी वाटतो.

बखरकार:
‘शास्ते’ सोडू नका. ‘शास्’ धातूत राज्य करणं, शिकवणं, शिक्षा करणं हे सगळं आहे. शासन, शास्त्र, शिष्य त्यातूनच आले. ‘शोफ्तीम’ ज्यातून आला तो हिब्रू धातू ‘शाफत’सुद्धा नुसता निवाडा नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या फिनिशियन नगरात दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी ‘सुफेत’, तो हाच शब्द. प्राचीन सीरियातल्या मारी नगराच्या अक्कादी पाट्यांत ‘शापितुम’ म्हणजे प्रांताचा कारभारी.

रानजाई:
धातू बरोबर, पण आजच्या वाचकाला ‘शास्ता’ माहीत नाही, ‘शास्ती’ माहीत आहे. महापालिकेचा शास्तीकर! ‘शास्ते’ म्हणजे दंड करणारे, असंच तो वाचणार. ग्रंथात नेमकं उलट आहे. लोक बआल या कनानी देवाच्या नादी लागतात, शत्रूच्या हाती सापडतात, धावा करतात, मग सोडवणारा उभा राहतो. देशाला 40 वर्षं स्वस्थता, एहूदनंतर 80, की पुन्हा तेच. दंड शत्रूच्या हातून होतो. शास्ता सोडवायला येतो. अथनिएल आणि एहूद दोघांना मूळात ‘मोशीआ’, म्हणजे सोडवणारा, म्हटलंय. सरळ ‘तारक’ लिहा.

अनुस्वार:
मग दबोरा या संदेष्टीचं काय? रामा आणि बेथेल यांच्यामधल्या खजुरीखाली ती बसे आणि लोक निवाड्याला येत.

बखरकार:
म्हणूनच नाम आणि क्रियापद वेगळं ठेवा. एकाही वीराच्या नावाला ‘शोफेत’ (‘शोफ्तीम’चं एकवचन) ही पदवी जोडलेली नाही. इफ्ताह हा वीर अम्मोनी राजाला निरोप पाठवतो, त्यात तो शब्द परमेश्वरासाठी येतो. मथळा ‘शास्ते’. दबोरेला ‘निवाडा करी’, तोला या शास्त्याच्या 23 आणि याईर या शास्त्याच्या 22 वर्षांना ‘कारभार पाहिला’.

ओवी:
लेखात ‘इतिहासग्रंथ’ लिहिणार असाल तर थांबा, ती ख्रिस्ती विभागणी. ज्यू परंपरेत हा ‘नवीईम’मध्ये, संदेष्ट्यांच्या विभागात येतो. कधी काय घडलं यापेक्षा का घडलं याकडे लक्ष आहे. ‘त्या काळी राजा नव्हता, ज्याला जे बरं दिसे ते तो करी’ हे शेवटचं वाक्य पाहा. अठराव्या अध्यायात ‘देशाचा पाडाव होईपर्यंत’ असं येतं, म्हणजे आजचं रूप घटनांच्या बऱ्याच नंतरचं.

रानजाई:
बाराव्या अध्यायातल्या ‘शिब्बोलेथ’चं काय करणार? यार्देन नदीच्या उतारांवर गिलादी लोक हा शब्द म्हणायला लावत, पळणारे शत्रू, म्हणजे एफ्राईम वंशाचे लोक, ओळखायला. ‘सिब्बोलेथ’ म्हणणारा एफ्राईमी ठरे आणि मारला जाई. आकडा 42,000 दिलाय. अर्थ ‘कणीस’ किंवा ‘ओघ’. ‘कणीस’ लिहिलं की श-स ची परीक्षाच नाहीशी होते.

ओवी:
‘शाळा’ लिहा. बोलीत ‘साळा’ होतंच.

बखरकार:
अजिबात नको. मग यार्देनेच्या काठी मराठी बोलली जायला लागते. शब्द हिब्रूच ठेवावा, अर्थ वाक्यातच द्यावा.

ओवी:
आणि मोठ्याने वाचताना ज्याच्या तोंडून ‘स’च येतो, त्याने तो उतारा वाचायचा कसा?